मेखेलेनच्या मनोऱ्यातलं कॅरिलॉन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मेखेलेनजवळ राहते. ब्रुसेल्सला नोकरीनिमित्त आलेली किंवा मुलांकडे उन्हाळ्यात महिना-दोन महिने राहायला आलेली आपली माणसं या शहरात आली, की घंटांचं संगीत ऐकून हटकून मेसेज करतात. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. हवा तो प्रश्न थेट वाचलात तरी चालेल.

१. कॅरिलॉन म्हणजे नेमकं काय? घंटाच ना?

घंटाच, पण एका वाद्याच्या घंटा. सुरात लावलेल्या किमान २३ घंटा एका जागी पक्क्या टांगलेल्या असतात आणि खालच्या खोलीत बसलेला एकच वादक त्या सगळ्या वाजवतो. २३ पेक्षा कमी असतील तर जाणकार त्याला कॅरिलॉन म्हणत नाहीत. पेटीवर जशा काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, तसे इथे लाकडी दांडे असतात आणि प्रत्येक दांड्याला एक घंटा जोडलेली असते. इकडच्या डच भाषेत या वाद्याला 'बेयार्ड' म्हणतात. मोठं कॅरिलॉन चार सप्तकांचं असतं, म्हणजे साधारण ४७ ते ४९ घंटांचं. एकदम तीन-चार सूर, खाली खर्जाची साथ आणि वर चाल, हे सगळं त्यावर वाजतं.

२. पुण्यात पंचहौदच्या चर्चमध्ये आठ घंटा आहेत. तेही कॅरिलॉनच का?

नाही. हा घोळ बहुतेकांचा होतो. पंचहौदच्या होली नेम चर्चमधल्या आणि मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमधल्या आठ-आठ घंटा इंग्लिश पद्धतीच्या आहेत. तिथे प्रत्येक घंटा चाकावर बसवलेली असते, तिला दोर असतो आणि एकेका दोरापाशी एकेक माणूस उभा राहतो. घंटा पूर्ण गोल फिरते. चाल वाजवायची नसते; आठ घंटांचा क्रम दर फेरीला बदलत न्यायचा असतो. आठ घंटांचे ४०,३२० वेगवेगळे क्रम होतात, म्हणजे तो गणिताचा आनंद आहे.

कॅरिलॉनमध्ये घंटा जागची हलत नाही. आतला लोलक तेवढा तारेनं ओढला जातो आणि कडेवर आपटतो. माणूसही एकच.

३. मेखेलेन आहे कुठे आणि इथल्याच कॅरिलॉनचं एवढं नाव का?

बेल्जियममध्ये, ब्रुसेल्स आणि अँटवर्प यांच्या मधोमध. ट्रेननं दोन्हीकडून अर्ध्या तासाच्या आत पोचता. मनोरा संत रॉम्बाउट यांच्या कॅथेड्रलचा आहे. आजूबाजूच्या गावांतही उत्तम कॅरिलॉन आहेत. मेखेलेनचं नाव झालं ते दोन कारणांनी: नुसतं कॅरिलॉन ऐकायला लोकांनी यावं अशा उन्हाळी मैफली १८९२ मध्ये इथे सुरू झाल्या आणि १९२२ मध्ये जगातली पहिली कॅरिलॉन शाळा इथेच निघाली. दोन्हींमागे एकच माणूस होता, त्याच्याबद्दल प्रश्न ११ मध्ये लिहिलंय.

मनोरा १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बेल्जियमनं कॅरिलॉनची परंपरा ज्या रीतीनं जपली, तिची नोंदही युनेस्कोनं २०१४ मध्ये जतनाचा आदर्श नमुना म्हणून घेतली. मला या दुसऱ्या नोंदीचं जास्त अप्रूप आहे. दगडी मनोरा टिकवणं अवघड असतंच, पण तो वाजवणारी माणसं पिढ्यान् पिढ्या तयार करणं त्याहून अवघड.

४. वर एकूण किती घंटा आहेत?

पूर्ण कॅरिलॉनच दोन आहेत, प्रत्येकी ४९ घंटांचं. जुन्यातल्या बऱ्याच घंटा पीटर हेमोनी यानं १६७४ मध्ये ओतलेल्या. नवं कॅरिलॉन १९८१ मध्ये बसवलं. ते नेदरलँड्समधल्या आस्टनच्या आइसबाउट्स या ओतशाळेत घडलं, वजन सुमारे ४० टन. जुनं मोडीत काढलं नाही, ते त्याच मनोऱ्यात आहे. मैफली नव्यावर होतात.

याशिवाय चर्चच्या स्वतःच्या झुलणाऱ्या घंटा निराळ्या. त्यातली सर्वांत मोठी 'साल्वातोर' जवळपास नऊ टनांची आहे. तिचा आवाज कानाआधी छातीला कळतो.

५. दर थोड्या वेळानं सुरावट वाजते. तेव्हा कोणी वर बसलेलं असतं का?

नाही, ते यंत्र वाजवतं. घड्याळाला जोडलेलं पितळी-लोखंडी पिंप असतं, त्याच्या अंगावर खुंट्या बसवलेल्या असतात. पिंप फिरलं की खुंटी तरफेला अडते, तरफ तार ओढते आणि बाहेरून हातोडी घंटेवर पडते. चाल बदलायची तर खुंट्या एकेक करून काढून नव्या जागी बसवाव्या लागतात. काही शहरांत आता हे काम संगणक करतो.

वाद्याचा जन्मच यातून झाला. मध्ययुगात तासाचे ठोके पडण्याआधी लोकांनी कान टवकारावेत म्हणून चार लहान घंटा वाजवायचे. चाराच्या सहा झाल्या, आठ झाल्या, त्यावर चाल बसू लागली. मग कोणाला तरी वाटलं, हे हातानं का वाजवू नये? औदनार्डे गावात १५१० मध्ये दांडे जोडलेलं वाद्य होतं.

ओळखायची खूण सोपी आहे. यंत्राचे सगळे सूर एकाच जोराचे असतात. एखादा सूर दबका, पुढचा मोठा, मध्येच क्षणभर थांबल्यासारखं झालं, तर समजा की वर माणूस बसलाय.

६. मुठीनं मारून वाजवतात हे खरं का?

मुठीनं हे खरं, 'मारून' मात्र नाही. हात सैल मिटायचा आणि करंगळीच्या बाजूनं दांडा खाली दाबायचा. मोठ्या घंटांना पायाखाली पेडल असतात, कारण चार-पाच टनांच्या घंटेचा लोलक नुसत्या हातानं ओढणं दमवणारं आहे. अंगाचं वजन कसं टाकायचं याला फार महत्त्व असतं. वादक बाकावर सारखा डावी-उजवीकडे सरकत असतो.

एकदा वादकाच्या खोलीत मागे उभं राहून पाहायला मिळालं. दांड्यांची टोकं वर्षानुवर्षांच्या घर्षणानं तुळतुळीत झाली होती, आमच्या जुन्या घरच्या जात्याच्या खुंट्याची आठवण झाली. सुरुवात करण्याआधी त्यांनी एकेक दांडा हलकेच दाबून पाहिला आणि दांड्याच्या वर तारेवर असलेला छोटा आटा बोटांनी किंचित फिरवला. उन्हात तार सैल पडते, थंडीत आखडते, मग लोलक घंटेपासून हवा तितका दूर राहत नाही. आपल्याकडे मैफलीआधी तानपुरा जुळवतात ना, तसंच होतं ते. फक्त इथे सूर घंटेत पक्का असतो आणि जुळवायची असते ती हाताची पकड.

७. घंटा कशाच्या बनवतात आणि सुरात कशा लावतात?

काशाच्या. साधारण ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील. आजी ज्या वाटीनं तळपायाला तूप चोळायची, ती काशाची वाटी याच जातीच्या धातूची. ती ओट्यावर आपटली की जो लांबलेला नाद येतो, त्यातच या संगीताचं मूळ आहे.

सूर लावणं हे खरं कसब. एका घंटेतून एक नव्हे, अनेक सूर निघतात. उत्तम घंटेत मुख्य पाच असतात: खर्जातला सा, मधला सा, कोमल गंधार, पंचम आणि तार सा. हे पाचही एकमेकांशी जुळलेले हवेत, नाहीतर घंटा एकटी बरी वाटते आणि दुसऱ्या घंटांबरोबर वाजली की कानाला टोचते. त्यासाठी घंटा मुद्दाम थोडी जाड ओततात, उलटी करून चरकावर बसवतात आणि आतून ठरावीक उंचीवर धातू खरवडतात. खरवडलं की सूर उतरतो. जास्त खरवडलं गेलं तर तो परत चढवता येत नाही. ती घंटा पुन्हा ओतायची.

हे गणित पहिल्यांदा सोडवलं फ्रान्स्वा आणि पीटर हेमोनी या भावांनी, उट्रेख्टच्या याकोब फान आइक या जन्मांध वादकाच्या मदतीनं. फान आइक घंटेजवळ तोंड नेऊन शीळ घालायचा. शिळेचा सूर घंटेतल्या एखाद्या सुराशी जुळला की तेवढाच सूर गुंजून उठायचा. अशा रीतीनं हात न लावता तो घंटेतला एकेक सूर सुटा करून दाखवायचा. या तिघांच्या खटपटीतून झुटफेन गावात १६४४ मध्ये खऱ्या अर्थानं सुरेल असलेलं पहिलं कॅरिलॉन उभं राहिलं. पीटर १६८० मध्ये वारला आणि ही विद्या जवळजवळ दोन शतकं हरवली. घंटा ओतल्या जात होत्या, पण ते सूर पुन्हा कोणाला नीट सापडले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये लफबरोच्या टेलर ओतशाळेनं ती पुन्हा मिळवली. अफगाण चर्चच्या घंटा याच टेलरच्या.

८. चाल आनंदाची असली तरी एकूण आवाज हुरहुर लावणारा का वाटतो? की बेसूर आहे?

तुमचा कान बरोबर आहे आणि वाद्यही सुरात आहे. प्रश्न ७ मध्ये सांगितलं तसं, प्रत्येक घंटेच्या पोटात कोमल गंधार असतो. चाल शुद्ध गंधाराची असली, तर सा ची घंटा स्वतःचा कोमल गंधार घुमवत राहते आणि त्यावर शुद्ध गंधार येऊन पडतो. दोघांची जी धुसफूस होते, तीच ती हुरहुर. शिवाय इथे नाद थांबवायची सोय नाही. पियानोत पट्टी सोडली की सूर मिटतो. मोठी घंटा मात्र एकदा वाजली की कितीतरी वेळ घुमत राहते आणि पुढचे सूर त्या घुमण्यातच मिसळतात. म्हणून चांगला वादक खालच्या घंटा जपून वापरतो.

१९८० च्या दशकात आइसबाउट्सनं आकार बदलून शुद्ध गंधाराच्या घंटाही बनवल्या. त्या गोड आहेत, पण मला जुनी हुरहुरच जवळची वाटते.

९. मग आपले राग यावर वाजतील का?

रागाचे स्वर वाजतील, राग वाजणं कठीण. मींड नाही, आंदोलन नाही, श्रुतीचा फरक करता येत नाही. भूपासारखा शुद्ध गंधारावर उभा असलेला राग तर घंटेतल्या कोमल गंधाराशी सतत भांडेल. माझं मत विचाराल तर मालकंसाचे स्वर सगळ्यांत छान बसतील: गंधार, धैवत, निषाद कोमल, पंचम वर्ज्य, आणि संथ चाल.

एक गोष्ट मात्र आपल्या ओळखीची सापडेल. वरच्या लहान घंटांचा नाद लवकर विरतो, म्हणून सूर लांबवायचा तर दोन्ही मुठींनी भराभर ठोके देऊन तो धरून ठेवतात. संतूरवादक काड्यांनी करतात तेच.

१०. चर्चमध्ये आहे म्हणजे हे प्रार्थनेचं संगीत का? आम्ही ऐकायला गेलो तर चालेल ना?

नक्की चालेल, आत जावंही लागत नाही. मनोरा चर्चला जोडलेला असला तरी अशा मनोऱ्यांचं काम कायम शहराचं होतं: वेळ सांगणं, आग लागली तर कळवणं, शत्रू दिसला तर गाव जागं करणं. कॅरिलॉन हे त्या शहरी कामातून आलेलं वाद्य. वादकाला 'शहर-वादक' म्हणतात आणि त्याची नेमणूक शहर करतं. लोकगीतं, बाखच्या रचना, सिनेमातली गाणी, सगळं वाजतं. प्रार्थनेला बोलावणाऱ्या घंटा त्या झुलणाऱ्या (प्रश्न ४).

तिकीट नाही, दार नाही, ओळखपाळख नाही. भाजी घ्यायला निघालेल्या माणसाला आणि पाळण्यातल्या बाळाला एकच मैफल एकाच वेळी मिळते. मला या वाद्याचं हे सर्वांत मोठं वैभव वाटतं.

११. ज्यांचं नाव सारखं येतं ते येफ डेनाइन कोण?

मेखेलेनचे शहर-वादक, १८६२ ते १९४१. त्यांचे वडील अडॉल्फ हेही शहर-वादक होते. वडिलांची दृष्टी गेली तेव्हा मुलगा त्यांच्या जागी बसू लागला आणि १८८७ मध्ये त्याची रीतसर नेमणूक झाली. त्या काळी वाद्य इतकं जड आणि ढिलं होतं की हळू-मोठा असा फरकच करता यायचा नाही. डेनाइन यांनी दांड्यापासून लोलकापर्यंतची तारांची जोडणी सुधारली, म्हणून आजच्या वादकाला स्पर्शाची नजाकत दाखवता येते. संतूरसारख्या भराभर ठोक्यांची शैलीही त्यांनीच नावारूपाला आणली.

पहिल्या महायुद्धात त्यांना इंग्लंडला जावं लागलं. तिथेही त्यांनी वादन केलं आणि लोकांना या वाद्याची गोडी लागली. १९२२ मध्ये, त्यांच्या साठीच्या वर्षी, शाळा निघाली तेव्हा अमेरिकेतूनही पैसे आले.

१२. ही कला शिकता येते का? मुलगी पियानो वाजवते.

येते. मेखेलेनच्या शाळेचं नाव आता 'येफ डेनाइन राजेशाही कॅरिलॉन शाळा' आहे आणि परदेशी विद्यार्थी तिथे पहिल्यापासून येतात. स्वरलिपी वाचता येणं आणि पियानो किंवा ऑर्गनचा पाया असणं फार उपयोगी. नेदरलँड्समध्ये आमर्सफोर्टला १९५३ पासून अशीच शाळा आहे.

पालकांचा हमखास प्रश्न: रियाज कुठे करायचा, सगळं गाव ऐकणार की! त्यासाठी वेगळं सरावाचं वाद्य असतं. दांडे आणि पेडल हुबेहूब तसेच, पण तारांच्या टोकाला मनोऱ्यातल्या घंटांऐवजी धातूच्या लहान पट्ट्या. खोलीबाहेर आवाज फारसा जात नाही. पुरेशी तयारी झाली की मगच वर.

१३. मैफल कधी असते आणि कुठे बसून ऐकावी?

उन्हाळ्यात सोमवारी संध्याकाळी. नेमकी वेळ निघण्याआधी शहराच्या पर्यटन कार्यालयाच्या वेबसाइटवर बघून घ्या, दरवर्षी थोडी मागेपुढे होते.

मनोऱ्याच्या अगदी पायथ्याशी उभं राहू नका, आवाज डोक्यावरून जातो आणि दांड्यांची खडखड तेवढी मिळते. शे-दोनशे मीटर लांब, रहदारी नसलेलं एखादं अंगण किंवा गल्ली शोधा. भिंतींनी वेढलेल्या अंगणात खर्ज छान भरतो. वारा मनोऱ्याकडून तुमच्याकडे येत असेल तर उत्तमच. सतरंजी, गरम कपडे आणि थर्मासमध्ये चहा घेऊन जा. जुलैतसुद्धा रात्री नऊनंतर गारठतं.

१४. वर चढता येतं का? आई-बाबांना झेपेल?

येतं, तिकीट आहे. पायऱ्या ५३८, लिफ्ट नाही. जिना दगडी, गोल आणि अरुंद. गुडघ्यांचा त्रास असेल तर आग्रह करू नका. ऐकायला वर जावं लागत नाही. झेपणार असेल तर वाटेत थांबायला खोल्या आहेत. एकीत लाकडी पिंजऱ्यासारखं प्रचंड चाक आहे. त्यात माणसं चालत राहायची आणि त्या जोरावर घंटा व दगड वर चढायचे. ते चाक बघताना मी बराच वेळ बोलले नव्हते. सगळ्यांत वर काचेच्या कठड्याची वाट आहे. हवा स्वच्छ असेल तर तिथून ब्रुसेल्सचं अटोमियमही दिसतं.

घंटांच्या खोलीत असताना सुरावट सुरू झाली तर लहान मुलांचे कान हातांनी झाका.

१५. मनोरा वरून कापल्यासारखा का दिसतो?

अपुरा राहिला म्हणून. १४५२ मध्ये काम सुरू झालं, बेत १६७ मीटरचा होता. १५२० मध्ये थांबलं ते थांबलंच. आज उंची ९७ मीटर.

१६. इथल्या लोकांना 'चंद्र विझवणारे' का म्हणतात?

१६८७ च्या जानेवारीतल्या एका रात्री, २७ आणि २८ तारखांच्या मध्ये, कोणाला तरी मनोऱ्याच्या खिडक्यांतून लालसर उजेड दिसला. आग लागली म्हणून हाकाटी झाली. लोक धावले, बादल्या हातोहात जिन्यावरून वर जाऊ लागल्या. वर पोचेपर्यंत उजेड सरकला होता, कारण तो धुक्याआडचा चंद्र होता. शेजारच्या शहरांनी नाव ठेवलं, 'मानेब्लुसर्स'. आज इथले लोक ते नाव अभिमानानं सांगतात. मला त्यात त्या रात्री अंथरुणातून उठून धावलेली माणसं दिसतात.

१७. मुंबईच्या राजाबाई टॉवरमध्येही कॅरिलॉन आहे ना?

तिथे होता तो यंत्रानं वाजणारा प्रकार, प्रश्न ५ मधल्यासारखा. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या या मनोऱ्यात पूर्वी एकूण सोळा सुरावटी वाजायच्या आणि दिवसाच्या वेळेनुसार त्या बदलायच्या. मुठीनं वाजवणारा वादक तिथे नव्हता.

१८. आणि चिमाजी अप्पांनी वसईहून आणलेल्या घंटा? त्या अशाच संचातल्या का?

नाही. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर पोर्तुगीज चर्चमधल्या ज्या घंटा आपल्या देवळांत आल्या (भीमाशंकर, मेणवली, नाशिकची नारोशंकराची घंटा), त्या सुट्या, टोल देणाऱ्या आहेत. पण त्यांच्याजवळ उभे राहाल तेव्हा एक करून बघा. टोल पडून गेल्यावर लगेच हलू नका, नाद विरत जाताना आतले वेगवेगळे सूर वेगळे होत जातात. प्रश्न ७ मधले सूर शोधा.

१९. ईस्टरच्या सुमारास आलो आणि चर्चच्या घंटा गप्पच होत्या. बंद पडल्या होत्या का?

नाही, ती रीत आहे. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसापासून ईस्टरपर्यंत कॅथलिक चर्चच्या घंटा वाजत नाहीत. इथल्या मुलांना सांगतात की घंटा रोमला गेल्यात आणि येताना अंडी घेऊन येणार. ईस्टरच्या सकाळी मुलं बागेत चॉकलेटची अंडी शोधत फिरतात आणि वर सगळ्या घंटा एकदम सुरू होतात.

२०. मैफल संपल्यावर टाळ्या वाजवायच्या का? वर ऐकू तर जात नाहीत.

वाजवायच्या, पण थोड्या वेळानं. आधी शेवटचा खर्ज पूर्ण विरू द्या, त्याला वेळ लागतो. मग मनोऱ्याच्या दाराशी जाऊन थांबा. वादकाला सगळा जिना पायी उतरून यावं लागतं. दार उघडलं की तिथे टाळ्या वाजवा. तेव्हा त्या ऐकू जातात.